जिन्यापाशी धुरपदा

— येगळी कंपनी? असन बाबा, येगळी असन. माह्या दिराले पॉलिसी देऊन गेला तो भाऊबी असंच म्हनला व्हता. बसा, चहा घ्या — लढाईपायी साखर नही, गुळाचा हाये. आमचे हे केळीले पानी देऊन येतीलच. विमा उतरवायचा का नही ते तेच सांगतील, मी बाईमानूस, मले काय कळतं? पन तुम्ही बोदवडाच्या टेसनावरून उन्हात पायी आले, मुक्यानं कसं बसवावं मानसाले, म्हनून बोलते. धुरपदाबाईचं नाव ऐकलं नही? जळगावात राहून? मग तुम्ही नवेच दिसता. तुमच्या मोठ्या साहेबाले इचारा — कसा दचकतो पाहा.

धुरपदा माही जाऊ, धाकटी. तिचा नवरा पितांबर, यांचा पाठचा भाऊ — भोळा, हसरा, कोनी गोड बोललं की झाला त्याचा. बोदवडाले, कापसाची सरकी काढायच्या जिनात कामाले जाये. तुमच्यासारखाच एक भाऊ आला, टोपीबी अश्शीच, म्हने, पितांबरभाऊ, उद्या तुमचं काही झालं तं बायको-पोरीनं कोनाच्या तोंडाकडे पाहायचं? आता घरात मोठा भाऊ, मोठी भावजय — कोनाच्या म्हनजे? आमच्या! पन भुलला तो. कंपनीच्या डॉक्टरानं छाती ठोकून पाह्यली, जीभ पाह्यली, बैल घेतानी दात पाहता नं तसं सारं पाह्यलं, अन् म्हने मानूस खडखडीत. हप्ते भरत गेला बिचारा, अन् एका श्रावनात मुदतीचा ताप आला, त्यातच गेला. पोरगी तव्हा कडेवर व्हती.

मग गाव म्हने, धुरपदाचं नशीब चांगलं, विमा हाये. नवरा मेल्यावर नशीब, पाहा! कागद गेले, चौकशीले एक साहेब आला — गोड बोलनं, सारखं हो अक्का, हो अक्का. अन् मग जळगावाहून उत्तर आलं की मयताले जुना खोकला व्हता, तो त्यानं लपवला, म्हनून विमा रद्द. भरलेले हप्ते तेवढे परत घ्या. जिनातल्या मानसाले खोकला! रुईचा भुसा असा उडतो तथं, की उंदीरबी खोकत असतीन. पन गावातल्याच कोनीतरी साहेबाच्या कानात घातलं म्हने. कोनी घातलं, देव जाने — गावात जिभा कमी हायेत का?

धुरपदा तशीच राबत राहिली — दळन, पानी, शेन, वावर. खरं सांगते, मले बरं पडलं — म्हनजे तिलेच बरं, दुःखात हात चालू असले की मन रमतं. वैशाखात माह्या बेबीचं लगीन निघालं. हळदीच्या वेळेले मीच म्हटलं, धुरपदा, तू मागच्या खोलीत बस, सवाशिनींच्या मधी येऊ नको. रीतच हाये ती, मी काय नवी काढली? ती उठली, गेली. अन् मांडव उतरला तशी पोरीले घेऊन जळगावले मामाच्या घरी निघून गेली.

तथं काय केलं, सांगू? त्या कंपनीचं हापीस रतिलालशेठच्या कापडदुकानाच्या माडीवर. धुरपदा रोज सकाळी जाऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसे. भांडन नही, रडनं नही — मोकळं कपाळ घेऊन नुसती बसे. कंपनीचे एजंट धंद्याले निघाले की पहिलं दर्शन तिचं! एकजन म्हने वर परत जाये, पानी पिऊन घडीभर टेके, पुन्हा उतरे — तं ही तथंच. कोनी नवा गिऱ्हाईक वर चालला की ती म्हने, "विमा उतरवता का भाऊ? उतरवा, उतरवा. फक्त मरायच्या आधी खोकू नका." झालं, गिऱ्हाईक आल्या पावली परत. त्यात ऐन लग्नसराई. शेठकडे बस्ता बांधाले नवरीची माय येते तं दारात विधवा — साऱ्या बाया तोंड फिरवून समोरच्या दुकानात! ज्या रीतीनं मी तिले मागच्या खोलीत बसवलं, तीच रीत तिनं उचलली अन् कंपनीच्या दारात नेऊन मांडली.

शेवटी शेठच तनतनत वर गेला — "या बाईचे पैसे देऊन टाका, नहीतर माही माडी खाली करा." मग मोठा साहेब सोता खाली उतरला. हसत. "बाई, नियमाने आम्ही काही देणं लागत नाही. पण तुमची अवस्था पाहून कंपनी अर्धी रक्कम द्यायला तयार आहे." मानसं जमलेली. धुरपदा बसल्या जागेवरून म्हने, "साहेब, माहा नवरा अर्धाच मेला का? तसं असन तं उरलेला पाठवून द्या, मी पैशाचं नाव काढत नही." सारा रस्ता हसला! साहेब लालेलाल. तिनं अजून इचारलं, "तुमच्या डॉक्टरानं छाती पाह्यली तव्हा खोकला नव्हता. मेल्यावर लागला का?" तं तो चिडून बोलून गेला, "आम्हाला तुमच्याच घरातून सांगितलंय, बाई!" धुरपदा म्हने, "ते मले ठाव हाये. त्यांचा हिशेब मी पाहीन. तुम्ही तुमचा पाहा." अन् पुरी रक्कम देली त्यानं — पुरी!

आता... घरातून म्हनजे... यांनी एवढंच सांगितलं व्हतं की थंडीत खोकला येई. खोटं थोडंच व्हतं? इठंच बसला व्हता तो चौकशीचा साहेब, चहा मीच देला. अन् यांचं तरी काय चुकलं? बाईच्या हाती पैसा आला की ती येगळी चूल मांडन, घर फुटन. घर राखाले बोलले ते. मी त्यायले अडवलं नही, बस. शेवटी मांडलीच तिनं येगळी चूल. मक्त्यानं वावर घेतलं, केळी लावली, पोरीले शाळेत घातलं. वाटेत भेटली तं मान हलवते, तेवढंच. अन् इठं दोघींचं दळन मी एकटी दळते.

एक सांगा भाऊ. तुमच्या कंपनीत पैसा कोनाच्या हाती देता? ज्याचं नाव लिहिलं त्याच्या? अन् बायकोचं लिहिता येतं — भावाचं नही, लेकाचं नही, नुसतं बायकोचं? नही, सहज इचारते. यांची तब्येत तशी खनखनीत. छातीत कव्हा कव्हा... नही, नही, काहीच नही, खनखनीत! लिहू नका ते. पेन ठेवा खाली. थांबा — फाटक वाजलं.

अहो, हे पाव्हने आले हायेत, कंपनीचे. कव्हाचे बसले, तोंडातून एक शब्द नही त्यांच्या. मी? मी कशाले बोलू परक्या मानसाशी!