फ्यूजच्या जागी मी

...आणि वर मलाच म्हणतात, ‘किंचाळू नकोस’! आता तुम्हीच सांगा, घरात जळक्या वायरचा वास सुटल्यावर माणसाने काय करायचं असतं? गुणगुणायचं?

पहिल्यापासून सांगते. आमच्या दादाने घराखालच्या गॅरेजमध्ये गाड्या रंगवायचं काढलंय. त्यासाठी कुठल्याशा बंद कारखान्यातून कंप्रेसर आणला. तुम्हाला वाटेल, असेल सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ. छे हो! रणगाडा! चारशे व्होल्ट खातो, सुरू झाला की खिडक्यांच्या काचा थरथरतात, आणि टाकीतली हवा कमी झाली की आपला आपणच सुरू होतो. न सांगता! आणि मी, टोस्टरमधून पाव वर आला तरी दचकणारी, माझी खोली बरोब्बर ह्या राक्षसाच्या डोक्यावर. पण घाबरट कोण? तर मी!

वायरमन आला होता की रीतसर. म्हणाला, ‘ह्याला जाड केबल लागेल, स्वतंत्र ब्रेकर लागेल, अर्थिंग नवं करावं लागेल. तोवर हात लावू नका.’ ह्यात न कळण्यासारखं काय आहे? पण तो फाटकाबाहेर पडतोय न पडतोय तोच दादा म्हणाला, ‘ही माणसं मुद्दाम घाबरवतात गं,’ आणि बसला स्वतःच पक्कड घेऊन! गीझरची उरलेली वायर, तिला जागोजागी जोड, जोडांवर चिकटपट्टी... मग काय, बटण दाबलं की फ्यूज उडाला, दाबलं की उडाला. उडणारच ना! बिचारा ओरडून सांगतोय, बाबांनो, झेपत नाही! तर ह्या शहाण्याने फ्यूजमध्ये खिळ्याएवढी तार कोंबली. ‘आता उडून दाखव म्हणावं!’ अहो, ज्याने स्वतः मरून आपल्याला वाचवायचं, त्यालाच ह्याने अमर करून ठेवला!

मी म्हटलं, “दादा, आता वायर पेटली तर वीज बंद कोण करणार?”

दादाने हातातली पक्कड खाली ठेवली. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं. दादाने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, “तू.”

“मी?”

“तुलाच सगळ्यांच्या आधी भीती वाटते ना? मग जिन्यातल्या मेन स्विचपाशी उभी राहा. काही वाटलं की खाली ओढ.”

आता मला ‘काही वाटत’ नाही असा क्षण असतो का हो? दारावरची घंटा वाजली, ओढला. आई शिंकली, ओढला. शेजाऱ्यांचं मांजर कठड्यावरून पडलं, ओढला! आई ओरडतेय, “अगं, कपडे अर्धे साबणात राहिले!” बाबा ओरडतायत, “ऐन शेवटच्या मिनिटाला टीव्ही घालवलास, सटवे!” आणि खालून दादा, “गाडीचं दार अर्धं लाल, अर्धं पांढरं राहिलंय, बाई!” एम.एस्सी. झालेय मी! जिन्यात दांडा धरून उभं राहायला? पण घाबरट कोण? तर मी!

शेवटी मनाशी ठरवलं, आता जग बुडालं तरी हात हलवायचा नाही. आणि नेमका तो वास. मी स्वतःला समजावतेय, भास आहे, बाई, भास... इतक्यात डोक्यावरच्या वायरीच्या जोडाची चिकटपट्टी वितळून टप्पकन माझ्या चपलेवर! किंकाळी आधी की दांडा आधी, आठवत नाही. घर काळोखात. दादा खाली बॅटरी मारून बघतो तर गॅरेजच्या भिंतीवर वायर काळी ठिक्कर, आणि तिच्या बरोब्बर खाली थिनरचे डबे. एकेक डबा उचलून त्याने बाहेर नेऊन ठेवला. पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाला, ‘वायरमनला बोलवा.’ मी मनात म्हटलं, सुटले!

कसली सुटतेय! दुसऱ्या दिवशी जाड केबल आली, अर्थिंग झालं. वायरमनने विचारलं, “आणि ब्रेकर?” तर दादा छाती फुगवून म्हणतो कसा, “ब्रेकर कशाला? आमची ही आहे ना! हातोहात सिद्ध झालंय!” आणि बाबा! त्यांनी माझ्यासाठी मेनपाशी खुर्ची आणून ठेवली. उशीसकट.

आता रोज सकाळी खालून दादा हाक मारतो, “काय गं, भीती वाटतेय ना?”

मी म्हणते, “वाटतेय.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग करतो चालू!”