मोगऱ्याचा पुरावा

२००३ साल. चेन्नईतल्या एका कोर्टाच्या कँटीनमध्ये, कॉफीच्या रांगेत माझ्यापुढे एक खतविक्रेते आणि त्यांचे वकील मराठीत बोलत होते.

“सरकारी दरावर मी पोत्यामागं पाच रुपये जास्त घेतले, ती हमाली होती, वकीलसाहेब. युरिया काय दुकानात चालत येतो?”

“मानाजीराव, सात वर्षं मी कोर्टाला तेच सांगतोय. पण आज इथल्या कोठारात पडलेलं तुमचं जप्त पोतं काट्यावर ठेवलं. पन्नास किलोचं एकेचाळीस भरलं.”

“अय्यो! नऊ किलो गेलं कुठं?”

“कोर्टाच्या आवारातल्या मोगऱ्याच्या कुंड्या पाहिल्यात?”

“पाहिल्या की! काय फुललाय!”

“सरकारी वकील म्हणतात, तुम्ही मापातही पाप केलंत.”

“मग जजसाहेबांना कुंड्या दाखवा ना!”

“दाखवल्या. त्यांनी त्या पुरावा म्हणून जप्त केल्या.”

“सुटलो म्हणायचं!”

“सांभाळायला तुमच्याकडेच दिल्यात. पुढच्या तारखेपर्यंत एकही रोप वाळता कामा नये. आणि घालाल ते खत सरकारी दराचंच.”

“घालतो. पण ह्या कुंड्या दुकानापर्यंत न्यायची हमाली कुणी द्यायची?”

“हळू बोला, मानाजीराव. पुढची सात वर्षं मला दुसरी कामं आहेत.”