विमानाची टाळू

न्हाई, पण तुम्हीच सांगा, नवरा विमान बांधायलाय म्हणल्यावर बायकोनं नेमकं काय करायचं असतं? लग्नात सांगितलं होतं, मुलगा विहिरीवरचे पंप दुरुस्त करतो. अख्ख्या हळ्ळीखेडात अंकुशरावचा हात फिरल्याशिवाय पाणी चढत न्हाई म्हणे. पण मुलगा उडतो, हे कुणी सांगितलं? आणि मी मॅट्रिक पास, मी तरी विचारायचं की न्हाई!

अडीच वर्षं हो! पोस्टानं आलेला नकाशा, लाकडाच्या पट्ट्या, कापड, आणि जुन्या मोटारीचं इंजिन. बीदरच्या हवाई तळावरची शिकाऊ विमानं डोक्यावरून गेली की हे ताटावरून उठून अंगणात. "ऐक, इंजिन कसं एका सुरात बोलायलंय!" अहो, इकडं आठ महिन्यांची पोर एका सुरात रडायलीय, ती ऐका की!

तर खंडेनवमी आली. सासूबाई म्हणाल्या, "पान्याला लावलीस, पंपाला लावलीस, मग ह्या पाखराला हळदीकुंकू कामून न्हाई गं? ह्याच्यात तर माझं लेकरू बसायलंय!" गेले. नाकाला लावलं, पंखांना लावलं, चाकांना लावलं... आणि बघते तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला मधोमध बारीक भोक! आता कडेवर पोर, रोज सकाळी तेलाचा कापूस ठेवून तिची टाळू भरायची सवय. जीव कळवळला हो! एवढं मोठं विमान, आणि टाळू उघडी? धूळ जाईल, वारं लागेल... पूजेच्या वस्त्रातला कापूस तोडला, ओल्या हळदीत बुडवला, अंगठ्यानं गच्च दाबला. वर कुंकू. मी, मॅट्रिक पास!

दसऱ्याला सकाळी माळावर सगळा गाव. विमान धावलं, उचललं... उडालं हो खरंच! सासूबाईंनी बोटं मोडली. मी रडायलेय का हसायलेय, मलाच कळंना. लिंबाच्या झाडावरून पुढं गेलं न्हाई तोच आवाज बदलला. घर्र... भक्... घर्र... भक्... शेजारी भीमण्णा. "अय्यो अक्का, इंजिनाला धाप लागली की!"

आणि तो आवाज मला ओळखीचा वाटला, तुम्हाला सांगते! करडईच्या तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की तेल असंच अडत अडत येतं. दुसरं पाडावं, वारा आत गेला की धार लागते. दर महिन्याला मी स्वतः खिळा ठोकते हो! पोरीला घेऊन धावत सुटले, "अहो, टाळू उघडा! टाळू!" मागून सासूबाई, "कुणाची गं?"

वर इंजिन गप्प. हे माघारी वळले न्हाईत. नाक खाली धरून सरळ समोर, भीमण्णाच्या तुरीत... धाड! मागं भीमण्णा, "अक्का, माझी तूर!" मला तूर दिसत नव्हती, मला काहीच दिसत नव्हतं. पोहोचले तर हे गुडघा चोळत उभे. जिवंत! आणि पहिलं काम काय केलं? बायकोकडं बघितलं? झाकण फिरवलं! फुस्स्स... टाकीनं असा श्वास ओढला, जसा मी सकाळपासून घेतला नव्हता.

झाकणावर पिवळा अंगठा. "हे कुणी केलं?"

सासूबाई आभाळाकडं बघायल्या. मी म्हणलं, "मी. मला वाटलं... टाळू आहे."

म्हणलं, आता ओरडतील. ओरडायलाच पाहिजे होतं हो! पण ह्यांनी पोरीला माझ्याकडून घेतलं. म्हणाले, "वारा आत जायचं भोक हाय ते. उडायच्या आधी झाकण बघायचं काम माझं होतं. तू पूजा केलीस, मी बघितलं न्हाई." एवढंच. मग मात्र मी जी रडले...

आता झाकणावर लाल रंगात लिहिलंय, 'ही टाळू भरू नये.' अक्षर माझंच, मॅट्रिक पासचं. पंख जोडणं चालूच आहे. सासूबाई समजूत घालतात, "पोरीची टाळू दीड वर्षात आपोआप भरती बघ."

पोरीची भरेल हो... ह्यांची जन्मभर उघडीच!