तेओ सेंग हुआत हयात असल्याबाबत

मी, तेओ सेंग हुआत, वय ७१ वर्षे, धंदा वेतकाम, राहणार खाली दुकान वर घर, जॉर्ज टाऊन, पिनांग. आज रोजी पोलिस ठाण्यात स्वतःच्या पायांनी चालत येऊन, कोणी न शिकवता सांगतो की, मी मेलेलो नाही. हे सर्वांत आधी लिहून घ्यावे असा मी आग्रह धरला. लिहून घेणारे कॉर्पोरल म्हणाले, "अंकल, ते दिसतंय की." मी म्हणालो, माझ्या मुलालाही दिसलं होतं, तरी त्याने तक्रार दिलीच ना? लिहा.

सदर तक्रार माझा मुलगा तेओ वेई क्यात, वय ४२ वर्षे, नोकरी, राहणार सिंगापूर, याने शाझवानी नावाच्या मुलीविरुद्ध दिलेली आहे. ही मुलगी वेबसाइट बनवून देण्याचे काम करते. तिने माझ्या मृत्यूची खोटी बातमी पसरवली, असे तक्रारीत म्हटले आहे. मुलगा सध्या बाहेर बाकावर बसलेला आहे.

माझे दुकान वडिलांच्या वेळचे आहे. मी वेताच्या खुर्च्या, पाळणे, टोपल्या, पडदे करतो. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून वर मी एकटा राहतो. गिऱ्हाईक यायचे कमी झाले. गल्लीतल्या सगळ्यांनी वेबसाइट केली, मग मीही करायचे ठरवले. शाझवानी ही कोटा बारूकडची मलय मुलगी, मागच्या गल्लीत खोली घेऊन राहते. मी तिला वानी म्हणतो.

वेबसाइट कशी असावी यावरून आमचे रोज भांडण होई. मला लाल रंग, सोनेरी अक्षरे आणि दुकानातला प्रत्येक माल पहिल्याच पानावर हवा होता. वानी म्हणाली, "अंकल, ही वेबसाइट आहे, कोंबड्यांचा बाजार नाही. माणूस आला की त्याला तीनच गोष्टी दिसल्या पाहिजेत. तुम्ही कोण, काय बनवता, आणि फोन कुठे करायचा." मी म्हणालो, मग चौथी बघायला येणारा काय उपाशी परत जाणार? ती म्हणाली, "चौथीसाठी दुसरं पान. तुमच्या आरामखुर्चीत बसल्यावर माणसाला कुठे टोचतं का? नाही ना? मग वेबसाइटही टोचता कामा नये." या कामासाठी ती दोन आठवडे रोज दुपारी येई. मी तिच्यासाठी चहा करून ठेवत असे. हे तक्रारीशी संबंधित नाही, पण लिहावे.

तिने पान पांढरे ठेवले, वेताचा रंग उठून दिसावा म्हणून. अक्षरे निळी घेतली, म्हाताऱ्या डोळ्यांनाही वाचता यावीत म्हणून. मधोमध माझा फोटो लावला. फोटो काढताना ती हसा म्हणाली. मी म्हणालो, कशाला? मग तिने तो फोटो काळा-पांढरा केला. म्हणाली, जुन्या दुकानाला शोभतो, लोकांचा विश्वास बसतो. खाली माझे नाव आणि त्याखाली फोनचे मोठे बटण. तिने मला हे सगळे फोनवर दाखवले होते. मी फक्त खुर्चीचा फोटो मोठा करून बघितला. विणीत कुठे पट्टी चुकलेली दिसते का ते पाहिले. चुकलेली नव्हती. म्हणून मी हो म्हणालो.

कॉर्पोरल मलय आहेत, म्हणून सांगतो. आमच्या चिनी लोकांत घरात कोणी गेले की लाल असेल ते सगळे झाकतात. दारावर पांढरे कंदील लावतात, त्यांवर निळ्या अक्षरांत आडनाव लिहितात. मयताचा काळा-पांढरा फोटो मधोमध ठेवतात. वानीला हे कोण सांगणार? तिच्या गावी निळा म्हणजे निळा.

वेबसाइट सुरू झाली त्याच दिवशी फोन वाजला. पलीकडचा माणूस रडत होता. म्हणाला, "कधी गेले हो?" मी विचारले, कोण? तो म्हणाला, "तेओ मास्तर." मी म्हणालो, मीच बोलतोय. त्याने किंचाळून फोन ठेवला. नंतर कळले की तो माझा जुना कारागीर होता. दुसऱ्या दिवशी तो बायकामुलांना घेऊन आला, बराच वेळ बसला आणि माझी जुनी करवत धार लावून देऊन गेला.

मग लोक येतच राहिले. एक बाई आली. तिची तिन्ही मुले माझ्या पाळण्यात वाढली, असे म्हणाली. माझ्या खांद्याला हात लावून बघितला आणि मग हसत सुटली. आह चुआन आला. तो आणि मी एका माजाँगच्या डावावरून अकरा वर्षे बोललो नव्हतो. पांढरा सदरा घालून, तोंड पाडून आत शिरला आणि मला वेताची पट्टी सोलताना पाहून ओरडला, "अरे मुडद्या, जिवंत आहेस होय! मी रात्रभर झोपलो नाही!" मी म्हणालो, मग आता झोप, खुर्ची रिकामी आहे. तो खरोखरच झोपला. घोरत होता. मी काम करत राहिलो. बरे वाटले.

वानीला चूक समजली तेव्हा ती धावत आली. डोळे रडून सुजले होते. म्हणाली, "अंकल, मला माफ करा. आत्ताच्या आत्ता सगळं लाल करते." ती लॅपटॉप उघडून बसलीसुद्धा. मी तिला थांबवले. तिने विचारले, का? मी म्हणालो, थोडे दिवस राहू दे, वेई क्यात अजून आलेला नाही.

तिने लॅपटॉप मिटला. तेव्हा त्या दिवसापासून पान तसे राहिले ते माझ्या सांगण्यावरून. तिने ते पसरवले नाही. लोकांनीच एकमेकांना पाठवले. ती पोर निर्दोष आहे. कोणाला आत टाकायचे असेल तर मला टाका. तिथे निदान दोन वेळा कोणी विचारायला तरी येईल.

मुलगा शनिवारी आला. सिंगापूरहून गाडी हाकत आला होता, पांढरे कपडे घालून. एका नातेवाइकाने त्याला वेबसाइट पाठवली होती. त्याने निघण्याआधी फोन केला नाही. केला असता तर मीच उचलला असता. मी दारात बसून नूडल्स खात होतो. तो समोर उभा राहिला. मी म्हणालो, आलास? जेवायचा आहेस ना? तो म्हणाला, "पा, ही काय थट्टा आहे? मी ऑफिसात सगळ्यांना सांगून आलोय! आता त्यांना काय तोंड दाखवू?" मी दुसरी वाटी आणायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा तो ठाण्याचा रस्ता विचारत होता. ते नूडल्स नंतर वाया गेले.

आज सकाळी मी वानीला पान लाल करायला सांगितले आहे. आता पांढऱ्या पानाचे काम झाले. लाल झाले की फोन पूर्वीइतकेच येतील हे मला माहीत आहे.

जबाब संपता संपता मुलगा आत आला आणि म्हणाला, "साहेब, मी तक्रार मागे घेतो. मला उजेड आहे तोवर परत निघायचंय." त्याच्या हातात गाडीची किल्ली होती.

कॉर्पोरलनी वरील सर्व मजकूर मोठ्याने वाचला, तेव्हा तो दारात उभा राहून ऐकत होता. एका वाक्याशी कॉर्पोरल अडखळले. म्हणाले, "अंकल, इथे 'वेई क्यात अजून आलेला नाही' असं लिहिलंय. तुमचा मुलगा तर हा समोर उभा आहे. 'आला नव्हता' असं करू का?"

मी मुलाकडे पाहिले. त्याने घड्याळात पाहिले.

मी म्हणालो, नको, आहे तसंच राहू द्या. बाकी ऐकले ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे. खाडाखोड नाही. खाली माझी सही.