बुधवारचं अंडं

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो. तुमच्या लेकराला शाळेत कुणी दांडगट रोज छळत असेल, तर लेकराला काय शिकवाल? 'तूही दे दोन ठेवून'? की 'जाऊ दे बाळा, त्याच्या नादी लागू नको'? — बघा, कशा माना हलल्या! दोन्हींना हलल्या! म्हणजे उत्तर कुणालाच माहीत नाही. चंद्रकलेलाही माहीत नव्हतं. तिचीच गोष्ट सांगतो.

ही चंद्रकला गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. तिची लेक ऋतुजा त्याच शाळेत, चौथीत. आणि सातवीत होता विराज — शाळा समितीच्या अध्यक्षांचे, भाऊसाहेबांचे चिरंजीव! — ओ अध्यक्ष, तुम्ही कशाला सावरून बसताय? ते दुसरं गाव!

हा विराज ऋतुजाची वेणी ओढायचा, दप्तर गटारात टाकायचा. पोरगी रडत चुलीपाशी यायची. आईचा जीव तुटायचा हो! पण तिचं काम अध्यक्षांच्या हातात. मग बाईनं शक्कल लढवली. बुधवारी शाळेत उकडलेलं अंडं मिळतं — माळकऱ्यांनो, नाकं मुरडू नका, मी नुसतं नाव घेतोय! — तर रांग सोडून विराजला आधी वाढायचं, आणि अंडी द्यायची दोन. दुसरं कुणाचं? ऋतुजाचं! हेडसरांनी विचारलं तर म्हणाली, "तिला आवडत नाही, सर." धादांत खोटं! पोरगी अंड्यासाठी जीव टाकायची.

बाईला वाटलं, खाऊन-पिऊन पोरगा निवळेल. निवळतोय कसला! अंडी खायची आणि वर वेणी ओढायची. वर्ष गेलं असंच. एका मंगळवारी ऋतुजानं घरी येऊन दप्तर कोपऱ्यात भिरकावलं.

"आई, मी उद्यापासून शाळेत जाणार नाही!"

चंद्रकला स्वतः चौथीतच शाळा सोडून चुलीपाशी बसली होती. तिनं लेकीला समोर उभं केलं. "हे बघ, मी विराज. मला नाही म्हण. ताठ उभी राहा, डोळ्यांत बघ, मोठ्यानं बोल. हात मात्र उचलायचा नाही. म्हण!"

ऋतुजा हळूच म्हणाली, "आई, तू तरी कुठं म्हणतेस त्याला नाही?"

आई मटकन खाली बसली. लेकीचा हात धरून म्हणाली, "उद्या तू म्हण. मी आहे तिथं."

बुधवार उजाडला. पोरं ताटं घेऊन रांगेत उभी. विराज आला, सगळ्यांना ढकलून पुढं! "मावशी, दोन!"

चंद्रकलेचा हात सवयीनं अंड्यांच्या पातेल्यात गेला — सवय वाईट हो, मंडळी! — तेवढ्यात मागून आवाज आला, "विराज, मागं जा! रांग आहे!"

ऋतुजाच! ताट छातीशी धरून, पण मोठ्यानं बोलली!

विराज हसला. "तुझ्या आईला विचार की!"

सगळ्या पोरांनी चंद्रकलेकडं बघितलं. तिनं हात पातेल्यातून बाहेर काढला. मोकळा!

"रांगेत ये, बाळा. तुझं एक आहे, ते पाळी आली की मिळेल."

"पप्पांना सांगीन! तुला काढून टाकतील!"

"सांग. पण आत्ता मागं जा."

पहिलीतलं एक नाकातला शेंबूडसुद्धा न पुसलेलं पोर ओरडलं, "रांग आहे!" मग काय, सगळी शाळाच ओरडली! विराज गेला मागं.

काम गेलं का, हाच विचार चाललाय ना तुमच्या डोक्यात? दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब आले, खूप गरजले. तोवर चंद्रकलेनं सरांना सगळं खरं सांगितलं होतं. सर म्हणाले, "साहेब, कागदावर लिहून द्या — पोराला रांगेत उभं केलं, म्हणून बाईला काढा." भाऊसाहेबांनी पेन काढलं. थोडा वेळ धरलं. आणि परत खिशात ठेवलं!

पण मला सांगायचंय ते बुधवारचंच. ऋतुजाची पाळी आली. आईनं तिच्या ताटात अंडं ठेवलं. पोरीनं ते तिथंच, उभ्या उभ्या खाल्लं, बोटंसुद्धा चाटली. आणि चंद्रकला चुलीपाशी उभी राहून रडली. लेकीला अंडं खाताना तिनं वर्षभरात बघितलंच नव्हतं!

तर मंडळी, पोरांना ताठ उभं राहायला शिकवायचंय ना? मग आपण कुणापुढं वाकतो, ते पोरं बघतात, एवढं ध्यानात ठेवा. विठ्ठलाचं नाव घ्या आणि उठा. आता महाप्रसादाची पंगत आहे. लहान पोरं मघापासून पत्रावळी धरून रांगेत बसलीत. मी इथंच उभा आहे. वाढप्यांनो, पहिलं कुणाला वाढताय, बघू द्या मला!