कालवणावरची तर्री

दौंडच्या लॅबमध्ये राजश्री खिडकीमागं बसून रक्ताच्या बाटल्यांवर नावं चिकटवत होती. समोरच्या बाकावर वडगाव रासाईचे ज्योतिबाआबा आणि त्यांची अनसाबाई बसली होती. परवा दिलेल्या रक्ताचा नुकताच मिळालेला रिपोर्ट आबांनी लग्नपत्रिकेसारखा दोन्ही हातांत धरला होता.

"कोलेस्ट्रॉल उतरलं म्हनली की गं ताई! चार म्हैन्यांत!"

"उतरंल न्हाई तर काय! कालवणावरची तर्री पळीनं काढून मगच तुमाला वाढती."

"आन् दुधावरची साय?"

"ती बी काढती."

"म्हातारे, तूच माझी डागदर."

"बास की आता. लोकं बघत्यात."

"पर काय गं, त्या तर्रीचं तू करतीस काय?"

"करायचंय काय? भाकरी चुरून खाती."

"आन् साय?"

"ती बी. अन्न हाय त्ये, उकिरड्यावर टाकू व्हय?"

"चार म्हैनं? तुझ्या वाटणीचं खाऊन वर माझं बी?"

"डागदरनं तुमाला मना केलंय. मला कुठं काय म्हनला?"

बाक करकरला. आबा काठी टेकत खिडकीशी आले.

"ताई, आजून एक नाव लिवा. अनसाबाई."

"अवं, मला काय धाड भरलीया?"

"लिवा तुमी, ताई."

राजश्रीनं नवी बाटली घेतली. "आजी, ही तपासणी उपाशीपोटी लागते. सकाळपासून काय खाल्लंय का?"

"कुठलं खातीया, बाई! ह्यांचं जेवण उरकस्तवर येष्टी आली."