ड्वेन पिकेटच्या डोक्यावर भोंगा पडला त्याबाबत

जबाब देणार: अर्लीन स्कॉगस्टॅड, वय ६८ वर्षे, धंदा: पूर्वी शाळेची बस चालवणे, सध्या नवरा सांभाळणे, राहणार टू पाइन्स, धान्याच्या कोठारामागे, माँटाना.

मी शेरीफच्या ऑफिसात स्वतःच्या पायांनी येऊन, कोणी न दटावता सांगते की, मी वरील ठिकाणी नवरा हॅल्वर, वय ७१, याच्यासह राहण्यास आहे. तो पूर्वी जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ काढण्याचे यंत्र चालवत असे. गावाबाहेरच्या नेमबाजी क्लबात तो गेली कित्येक वर्षे रेंज प्रमुख, म्हणजे गोळीबाराच्या जागेचा जबाबदार माणूस, आहे. रेंज प्रमुखाला लाल जाकीट असते. ते अंगात असले की हॅल्वर घरच्यापेक्षा दोन इंच उंच दिसतो. जबाब लिहून घेणारे डेप्युटी ट्रेव्हर हे लहानपणी माझ्या बसने शाळेत जात व घाटाचे वळण आले की ओकत, म्हणून मी त्यांना अरे-तुरे करते. त्यांची हरकत नाही. ओकण्याचे लिहायला हरकत होती, पण ते मी लिहायला लावले.

मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी क्लबात मोठ्या रिव्हॉल्व्हरांचा दिवस असतो. ज्याच्या घरात जे सर्वांत दांडगे रिव्हॉल्व्हर असेल ते घेऊन लोक येतात, लांबवर उभ्या केलेल्या लोखंडी मेंढ्यावर गोळ्या झाडतात, मेंढा आडवा झाला की आरडाओरडा करतात आणि मग मी केलेली बटाट्याची कोशिंबीर खातात. बक्षीस काही नाही. कशासाठी एवढी बंदुकीची दारू जाळायची असे कोणी विचारले तर मला सांगता येणार नाही. मेंढा मीही पाडते, त्यामुळे मला फार बोलायला तोंड नाही.

हॅल्वरकडे लग्नापासूनचे चव्वेचाळीस मॅग्नम रिव्हॉल्व्हर आहे व ते ठणठणीत आहे. तरी यंदा बर्फ वितळल्यावर त्याने नवीन घ्यायचे काढले. आम्ही दोघे वेंडेलच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. वेंडेलने तीन रिव्हॉल्व्हरे काउंटरवर मांडली: नवे चव्वेचाळीस, चारशे चोपन्न आणि पाचशे. हे आकडे गोळीच्या मापाचे, आणि याच क्रमाने धक्का वाढतो. मी चव्वेचाळीसच्या बाजूने होते. त्यात कमी दारूची स्पेशल काडतुसेही चालतात, मनगट वाचते आणि बघणाऱ्याला लांबून फरक कळत नाही. चारशे चोपन्नमध्येही पंचेचाळीसची जुनी, कमी धक्क्याची काडतुसे घालून अब्रू राखता येते. वेंडेलचे म्हणणे पडले की, पाचशे वजनाने भारी, नळी लांब, त्यामुळे बराचसा धक्का ते स्वतःच पचवते. मी उचलून पाहिले. बिडाचा तवा एका हाताने धरल्यासारखे वाटले. उरलेला धक्का कोण पचवणार असे मी विचारले, त्यावर वेंडेलने काच पुसायला घेतली.

दुकानामागे चालवून बघायची जागा आहे. हॅल्वरने दुकानातल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना आग्रहाने मागे नेले आणि तिन्ही रिव्हॉल्व्हरे त्यांच्याकडून झाडून घेतली. सगळे निशाण्याकडे बघत होते. हॅल्वर झाडणाऱ्याच्या हाताकडे बघत होता. मूठ कशी बसते ते बघत असेल असे मला वाटले. मग म्हणाला, पाचशेच घेऊ. त्यावर मी दुकानात जे बोलले त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

पाचशेबाबत हॅल्वरने क्लबात पहिल्या दिवशीच नियम केला, तो असा: जो ते प्रथमच हातात घेईल त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या घरात, एकच काडतूस घालायचे. कारण पहिला बार झाला की रिव्हॉल्व्हर वर उसळते, ढिली मूठ परत आवळली जाते आणि बोटाकडून चाप नकळत पुन्हा ओढला जातो. मग दुसरी गोळी आभाळात. आमच्या रेंजच्या छपराच्या पत्र्याला अशी भोके आहेत व प्रत्येक भोकाशेजारी पाडणाऱ्याचे नाव रंगाने लिहिलेले आहे. ज्याचे नाव लागले त्याने पुढच्या मेपर्यंत क्लबात बंदुकीला हात लावायचा नाही, फक्त खुर्च्या मांडायच्या.

घटनेच्या दिवशी, म्हणजे यंदाच्या त्या शनिवारी, जो तो पाचशे मागत होता. पाद्री लिंडक्विस्ट यांनी एक बार काढला व नंतर कॉफी पिताना ती सगळी शर्टाला पाजली. मग ड्वेन पिकेट पुढे आला. हा इसम टायरचे दुकान चालवतो. हॅल्वरचा जुना मित्र आहे आणि लाल जाकिटावर त्याचा डोळाही तितकाच जुना आहे.

ड्वेन म्हणाला, "म्हाताऱ्या, मला एकच? मी काय बाळ आहे?"

हॅल्वर म्हणाला, "पहिल्यांदा एकच. गव्हर्नर आला तरी एकच."

हॅल्वरने एक काडतूस घातले, चक्री बंद केली, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवले आणि सगळ्यांना सावध करायला तो रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्याची पाठ वळताच ड्वेनने चक्री उघडली आणि खोक्यातले दुसरे काडतूस आत सरकवले. मी कोशिंबिरीचा डाव हातात घेऊन मागच्या टेबलाशी उभी होते व हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मी ओरडले. सगळ्यांच्या कानांवर आवाजरोधक टोप्या असल्याने कोणाला ऐकू गेले नाही. त्या नसत्या तरी ड्वेनने ऐकले नसते.

पहिल्या गोळीने मेंढ्याच्या बरीच अलीकडे माती उडाली. दुसरी पत्र्यातून गेली. जाताना तिने सूचना देण्याच्या भोंग्याची खुंटी तोडली व सदर भोंगा ड्वेनच्या डोक्यावर आला. तीन टाके पडले. भोंगा अजून चालतो.

टाके घालून आल्यावर ड्वेनने इथे ऑफिसात सांगितले की, हॅल्वरचे हात थरथरतात, हे तो हिवाळाभर बघत आला आहे, त्या थरथरीत एकाच्या जागी दोन काडतुसे गेली, आणि असल्या माणसाच्या अंगावर लाल जाकीट ठेवणे धोक्याचे आहे. क्लबाच्या कमिटीने कळवले आहे की, डेप्युटी जे लिहील त्यावरून जाकिटाचा निकाल होईल. म्हणून मी आज आले.

हात थरथरत होते काय, असे विचारल्यावरून सांगते की, पाचशे झाडलेल्या प्रत्येकाचे हात थरथरत होते. पाद्रींचे सांगितलेच. मी एक बार काढला त्यानंतर मला डाव धरवेना. ड्वेनला स्वतःला शर्टाचे बटण लावता येत नव्हते, ते मी लावून दिले.

झाडण्याच्या आधी थरथरत होते काय, असे ट्रेव्हरने पुन्हा विचारले. मी पाणी मागितले. ते मिळाले.

पाणी प्यायल्यावर सांगते की, होय. दोन हिवाळे झाले. मी त्याचा कप अर्धाच भरते. बाहीची बटणे मी लावते आणि लावताना हवापाण्याचे बोलते. यावर आमच्यात एक शब्द झालेला नव्हता. आज इकडे येताना गाडीत मी त्याला म्हटले की, मुकाट्याने चव्वेचाळीस घेतले असते तर हे काही झालेच नसते. तेव्हा तो बोलला.

तो म्हणाला, "अगं, चव्वेचाळीसनंतर फक्त माझा हात कापतो. त्या तोफेनंतर सगळ्यांचेच कापतात. त्यात माझा कोण बघतोय?"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मला रडू आले. मागून आलेल्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, त्याला मी शिवी दिली, ती लिहू नये.

एवढे सांगून झाल्यावर ट्रेव्हरने जबाब पहिल्यापासून वाचून दाखवला. त्याला हळू वाचता येत नाही व खोलीचे दार लागत नाही. हॅल्वर बाहेर बाकावर बसला होता. वाचन संपल्यावर मी सांगितले की, बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, फक्त हिवाळे, कप व तोफ हा मजकूर खोडावा. ट्रेव्हरने पेन टेकवले, तोच हॅल्वर आत आला. जाकीट अंगात होते.

तो म्हणाला, "खोडू नकोस रे. हात कापतो ते राहू दे. काडतूस एकच घातलं होतं, तेही राहू दे. पुढचं कमिटी बघेल."

त्यावरून मजकूर खोडलेला नाही. वाचून दाखवले ते सर्व खरे आहे. खाली मी सही केली असून साक्षीदार म्हणून हॅल्वर स्कॉगस्टॅड याने सही केली आहे. त्याची सही दोन ओळींत पसरली आहे. ती त्याने स्वतःच्या हाताने, कोणाचा आधार न घेता केली आहे. ती खाडाखोड समजू नये.